गावात माणसं किती?

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

‘तुझ्या त्या सुट्टीच्या गावात माणसं राहतात तरी किती?’ असं तू विचारलंस आणि मी आठवडाभर उत्तराशी अडून बसलो. कुठल्या महिन्यातलं सांगू?

काल रात्री जेवणानंतर गल्लीतून चक्कर मारली. घरं ३१. दिवे पाच घरांत. त्यातल्या एका घरात कोणीच नाही. सातला दिवा आपोआप लागतो, अकराला विझतो, चोराला वाटावं आत माणूस आहे. म्हणजे जागती घरं चारच. हंगामात याच गल्लीत पाय ठेवायला जागा नसते.

अमेरिकेची जनगणना १ एप्रिल ही तारीख धरते आणि माणूस वर्षातला बहुतेक काळ जिथे राहतो तिथे त्याला मोजते. त्यात चूक काही नाही. पण त्यामुळे सुट्टीपुरती उघडणारी घरं ‘रिकामी’ या रकान्यात जातात, आणि हंगामात खाटा लावणारी, भांडी घासणारी मुलं तर त्या गावाच्या आकड्यात येतच नाहीत. पाणी, कचरा, रुग्णवाहिका मात्र भरल्या गावाला पुरेल इतकी लागते. फ्रान्सने यावर एक बरी तोड काढली आहे. तिथे पर्यटनाच्या गावाला हॉटेलच्या खोल्या, सुट्टीची घरं, तंबूंच्या जागा हिशेबात धरून जास्त लोकसंख्येच्या गावांच्या वर्गात जाता येतं. मला हे न्यायाचं वाटतं.

आकड्यापेक्षा मला जास्त टोचतं ते वय. निवृत्त मंडळी इथे कायमची राहायला येतात, विशीतली पोरं निघून जातात, मधली पिढी विरळ. जन्म कमी, मृत्यू जास्त, आणि तरी गावाचा आकडा फारसा हलत नाही, कारण गेलेल्याच्या जागी दुसरं कोणी साठीचं येऊन राहतं. कागदावर सगळं ठीक दिसतं. शाळेत जाऊन बघ: दोन इयत्ता एका वर्गात, भिंतीवर नऊ दप्तरांच्या खुंट्या, त्यातल्या तीन मोकळ्या.

आणि त्या खुंट्या मोकळ्या का, हे मला आता अंगावर आल्यावर कळलं. माझं भाड्याचं घर दहा महिन्यांचं. हंगाम लागला की मालक तेच घर आठवड्याच्या बोलीवर देतो. दोन महिन्यांत त्याला माझ्या वर्षभराच्या भाड्याहून जास्त मिळतं. म्हणून दरवर्षी बाडबिस्तरा उचलायचा. शेजारच्या नर्सबाईंचंही तेच. ज्या दिवसांत दवाखान्यात सगळ्यात जास्त गर्दी, नेमक्या त्याच दिवसांत त्यांना डोक्यावर छप्पर शोधायचं. मूलबाळ असलेलं कुटुंब हे किती वर्षं सोसेल?

लोकांनी उपाय केले नाहीत असं नाही. स्वित्झर्लंडमध्ये २०१२ साली सार्वमत झालं आणि गावातल्या एकूण घरांत दुसऱ्या, म्हणजे सुट्टीपुरत्या घरांचा वाटा २० टक्क्यांवर थांबवायचं ठरलं. इंग्लंडमधल्या सेंट आइव्हज या समुद्रकाठच्या गावाने २०१६ मध्ये मत दिलं की नवं घर कायम राहणाऱ्यालाच मिळावं. हेतू चांगला, पण नियम नव्या बांधकामापुरता. जुन्या घरांना तो लागूच नाही, मग पैसेवाला तिकडे वळणारच. वेल्समध्ये एप्रिल २०२३ पासून स्थानिक परिषदांना दुसऱ्या घरावर नेहमीच्या कराखेरीज ३०० टक्क्यांपर्यंत जादा कर लावता येतो. मला हा कर पटतो, मात्र त्या पैशातून नर्स, शिक्षक, बंबवाले यांच्यासाठी बारमाही घरं बांधली तरच.

पाहुणे नकोत असं मी म्हणत नाही रे. त्यांच्यावरच गावाची चूल पेटते. पण चूल राखणाऱ्याला घर नको का? पुढच्या सभेत मी बारमाही भाडेकराराचा विषय मांडणार आहे. नर्सबाई बरोबर येणार आहेत. तुझ्या ओळखीत कुणी असे करार लिहून दिलेले असतील तर नमुना पाठव.

तू बंद महिन्यांतच ये. समुद्र तेव्हा आपल्या दोघांचाच असतो. महिनाअखेर मला घर सोडायचं आहे. नवा पत्ता ठरेपर्यंत पत्र शाळेच्या पत्त्यावर टाक, शिपाईदादा आणून देतील.

तुझाच