पोतोसीची ‘मीता’ लेखातून सुटली

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतील दक्षिण अमेरिकेच्या वसाहतींवरचा लेख वाचला. तेथील मूळ रहिवाशांची संख्या घटली ती युरोपीयांबरोबर आलेल्या देवी-गोवराच्या साथींमुळे, असे लेखकाने म्हटले आहे. ते खोटे नाही. परंतु तेवढ्यावरच थांबल्याने स्पॅनिश राजवटीचे पाप रोगराईच्या खाती जमा होते.

आजच्या बोलिव्हियातील पोतोसी येथे १५४५ मध्ये चांदी सापडली. चार हजार मीटरहून उंचावरच्या त्या खाणींना आपखुशीने येणारे मजूर पुरेनात, तेव्हा व्हाइसरॉय फ्रान्सिस्को दे तोलेदो याने १५७०च्या दशकात स्पॅनिशांपूर्वी तेथे राज्य करणाऱ्या इंकांच्या काळापासून चालत आलेली ‘मीता’ ही सक्तीच्या श्रमाची पाळी खाणमालकांच्या दावणीला बांधली. नेमून दिलेल्या प्रांतांतील प्रौढ पुरुषांपैकी साधारण सातवा हिस्सा, म्हणजे सुमारे १३,००० माणसे, दरवर्षी तेथे धाडली जात. मजुरी ठरलेली होती, पण तिच्यात पोट भरत नसे. म्हणून लामांच्या पाठीवर शिधा लादून कुटुंबेच्या कुटुंबे दूरवरून पायी येत. खनिज घोंगडीत बांधून पाठीवर घ्यायचे, घोंगडीची गाठ छातीवर मारायची आणि कातड्याच्या दोरांच्या शिड्यांवरून तिघातिघांनी वर चढायचे. पुढच्याच्या अंगठ्याला बांधलेली मेणबत्ती एवढाच काय तो उजेड. सोळाव्या शतकातील एका जेझुइट पाद्र्यानेच हे लिहून ठेवले आहे. मनसरच्या मँगनीज खाणी पाहिलेल्या आपल्या जिल्ह्यातील वाचकांना या चढणीची थोडीफार कल्पना येईल.

लेखात न आलेली खरी गोष्ट पुढेच आहे. पाळी चुकवण्यासाठी असंख्य लोक जमीनजुमला सोडून मीता लागू नसलेल्या भागांत परागंदा झाले. त्यामुळे मागे राहिलेल्यांची पाळी लवकर येऊ लागली, आणि माणसे कमी पडली की ती तूट गावच्या प्रमुखाला, म्हणजे कुराकाला, चांदीच्या रूपाने भरून द्यावी लागे. तेव्हा सरकारी नोंदींत गावे ओस पडलेली दिसतात ती केवळ मेलेल्यांमुळे नव्हे, पळालेल्यांमुळेही.

स्पॅनिश अमेरिकेतील चांदीचा मोठा ओघ पुढे सुरतेला पोहोचून मोगलांच्या रुपयांत ओतला जाई, हेही येथे सांगायला हवे. मीता कायद्याने रद्द झाली ती थेट १८१२ मध्ये, स्पेनमधील कादिस येथे भरलेल्या संसदेत. लेखमालेच्या पुढील भागात या व्यवस्थेला स्वतंत्र जागा मिळावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त इतिहास शिक्षक,
धरमपेठ, नागपूर