दरातील फरक पंपचालकाचा नव्हे

महोदय,

कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवरच्या पंपांवरील इंधनदरांविषयी आपल्या अंकातील लेख वाचला. कर्नाटकातील निपाणी आणि महाराष्ट्रातील कागलचे दर वेगळे का, याचे खापर लेखकाने पंपचालकांवर फोडले आहे. ते पटले नाही. पंपचालकाला ठरलेले कमिशन मिळते, दर तो ठरवत नाही. केंद्राचे उत्पादन शुल्क देशभर सारखेच. इंधनाच्या डेपोपासूनच्या अंतराने थोडाफार फरक पडतो, पण निपाणी-कागल हे अंतर ते केवढे!

खरा फरक राज्यांच्या करात आहे. कर्नाटकाने जून २०२४ मध्ये पेट्रोलवरील विक्रीकर २५.९२ टक्क्यांवरून २९.८४ टक्के केला आणि लिटरमागे तीन रुपये वाढले. डिझेलवरील कर त्याच वेळी १४.३४ वरून १८.४४ टक्क्यांवर आणि एप्रिल २०२५ मध्ये २१.१७ टक्क्यांवर गेला. महाराष्ट्राची रीत निराळी: तिथे पेट्रोलवर टक्केवारीने व्हॅट, शिवाय लिटरमागे ठरावीक रुपयांचा अधिभार. त्यामुळे एका बाजूने कर हलवला की सीमेवरच्या कोगनोळी नाक्याअलीकडे-पलीकडे कोणते इंधन कुठे स्वस्त, याचे गणितच बदलते. ट्रकचालकांना ते तोंडपाठ असते. आम्हा दुचाकीवाल्यांना टाकी भरल्यावर कळते.

१ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला, तेव्हा पेट्रोल-डिझेल बाहेरच ठेवले गेले, म्हणून त्यांवरचा कर राज्यांच्या हाती राहिला. महसुलाचा हा झरा कोणत्याच राज्याला सोडवत नाही, मग पक्ष कुठलाही असो. आपण रोज दर छापता, त्याशेजारी दोन्ही राज्यांचा करही छापावा, ही विनंती.

– एक वाचक, निपाणी (जि. बेळगाव)