अभिन्यास मंजूर करण्याआधी ओढा नकाशावर घ्या

मा. नगरविकास मंत्री महोदय,
स. न. वि. वि.

शहराची हद्द वाढली की प्रत्येक अभिन्यासात (जमिनीवर प्लॉट आणि रस्ते पाडण्याच्या आराखड्यात, म्हणजे लेआउटमध्ये) ठरावीक टक्के मोकळी जागा सोडायला लावली जाते आणि हिरवाईचा प्रश्न सुटला असे धरले जाते. तो सुटत नाही.

समजा, शहराच्या कडेला १ हेक्टरचे १० अभिन्यास मंजूर झाले आणि प्रत्येकाने १० टक्के जागा सोडली. कागदावर १ हेक्टर हिरवाई मिळाली. प्रत्यक्षात हजार चौरस मीटरचे १० तुकडे. सगळे चौरस धरले तरी त्यांची एकूण कडा सुमारे १,२६५ मीटर भरते, सलग हेक्टरची फक्त ४००. कडा वाढली की कुंपणाचा खर्च, धूळ, अतिक्रमण सगळेच वाढते. त्यातून विकासक देतो तो तुकडा बहुधा कोपऱ्यातला, प्लॉट पाडून उरलेला. बांधकाम चालू असताना राडारोडा तिथेच पडतो, गाड्या तिथेच फिरतात. दबलेल्या मातीत पाणी मुरत नाही, मुळे उतरत नाहीत आणि पुढे लावलेली रोपे खुरटतात.

म्हणून क्रम उलटा करा. आधी ओढे, पूररेषा, तीव्र उतार आणि जुनी झाडे मोजणी नकाशावर घ्या. त्यांना जोडणारा सलग पट्टा आखा आणि प्रत्येक अभिन्यासाची मोकळी जागा त्या पट्ट्याला लागूनच घ्या. ज्यांची जमीन पट्ट्यात जास्त जाते, त्यांची भरपाई फेरवाटपातून, म्हणजे सगळ्यांच्या जमिनी एकत्र धरून प्लॉट नव्याने वाटताना, त्याच वेळी करा. ती लांबली की पट्ट्यासाठीचे आरक्षण कागदावरच राहते.

जुन्या भागातले दुखणे वेगळे. तिथे पुनर्विकासात सामासिक अंतरातली (इमारत आणि प्लॉटची हद्द यांमध्ये सोडलेल्या जागेतली) झाडे जातात आणि तळघराच्या स्लॅबवर बाग येते. ६० सेंटिमीटर मातीत हिरवळ, झुडपे जगतात. सावली देणाऱ्या वृक्षाला मीटरभराहून जास्त खोली आणि निदान २० घनमीटर माती हवी. तळघर प्लॉटच्या चारही हद्दींना भिडू देऊ नका.

शहर उड्या मारत वाढते तिथे मधल्या पडीक जमिनीवरचे तण उपग्रहचित्रात हिरवे दिसते आणि आकडा फुगतो. तो धरू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने घरापासून ३०० मीटरच्या आत निदान अर्धा हेक्टर हिरवी जागा सुचवली आहे. हे अंतर घराच्या दारापासून उद्यानाच्या फाटकापर्यंत, पायी वाटेने मोजायला सांगा.

पुढच्या हद्दवाढीची अधिसूचना निघण्याआधी पट्ट्याचा नकाशा हरकतींसाठी प्रसिद्ध व्हावा, ही विनंती.

आपले,
नगररचना व उद्यानरचनेत काम करणारे