ट्यूनर आता पेटीत ठेव

प्रिय मित्रा,

ट्यूनरचा, म्हणजे स्वर मोजणाऱ्या यंत्राचा, दिवा हिरवा असतो आणि तरी व्हायोलिन बेसूर वाटतं, असं तू लिहिलंस. तुझा कान बरोबर सांगतोय. ए तारेवर पहिल्या बोटाने बी हा स्वर लाव आणि मोकळ्या ई तारेसोबत वाजवून तो शुद्ध जुळव. बोट न हलवता तोच बी मोकळ्या डी सोबत वाजव, चढा लागेल; डी सोबत जुळवायला बोट थोडं मागे घ्यावं लागेल. दोन्ही बी आपापल्या जागी खरे, पण त्यांच्यात जवळजवळ 22 सेंटचा फरक आहे (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग). बोटाच्या जागेत तो तीन-चार मिलिमीटर भरतो. ट्यूनर या दोहोंच्या मधलाच एक बी दाखवतो.

म्हणून ट्यूनरवर फक्त ए तार 440 हर्ट्झला लाव. बाकीच्या तारा दोन-दोन एकत्र वाजवून जुळव. आवाजातली लाट मंदावत थांबली की जुळल्या.

मग तिसऱ्या बोटापासून सुरुवात कर. ए तारेवरचा डी नेमका लागला की शेजारची मोकळी डी तार आपोआप थरथरते, आवाज फुलतो. डी तारेवरचा जी आणि ई तारेवरचा ए असेच तपास. या जागा पक्क्या झाल्या की पहिलं, दुसरं बोट त्यांच्या आधाराने बसव.

स्वर चुकला तर बोट सरकवून दुरुस्त करू नकोस. सगळे तेच करतात आणि हाताला सरकवण्याचीच सवय लागते. बोट उचल, स्वर गुणगुण, पुन्हा ठेव. चार वेळा लागोपाठ थेट बसला तरच पुढे जा. गाता येत नसलेला स्वर बोटाला सापडत नाही, असं माझं ठाम मत आहे. व्हिब्रॅटो, म्हणजे बोट हलवून स्वर थरथरवणं, तोवर बंद, त्यात चूक लपते.

सगळे स्वर एकाच बाजूला चुकत असतील तर हात बघ. अंगठा व्हायोलिनच्या मानेला आवळला की बोटं आखडतात, चौथं बोट उतरं पडतं. वर जाताना अंतरं आकसतात, हेही विसरू नकोस: पूर्ण आकाराच्या व्हायोलिनवर पहिला अर्धस्वर सुमारे 18 मिलिमीटरचा, सप्तकभर वर जेमतेम 9 चा. गज फार दाबलास तरी स्वर किंचित उतरतो.

एवढं करूनही एकाच तारेवर काही जमेना, तर ती तार बदलून बघ. झिजलेल्या तारेवर पंचम, म्हणजे शेजारच्या दोन तारांमधलं स्वरांतर, जुळतच नाहीत.

तुझा मित्र