आनंदी देशातले 'बाहेरचे'

महोदय,

फिनलंड 2018 पासून आनंदी देशांच्या यादीत पहिला, हे कौतुक आपण दरवर्षी वाचतो. त्याच 2018 साली युरोपीय संघाच्या मूलभूत हक्क संस्थेने 12 देशांतल्या कृष्णवर्णीयांच्या पाहणीचा अहवाल प्रसिद्ध केला, तेव्हा वर्णद्वेषी छळाचे सर्वाधिक प्रमाण (63 टक्के) फिनलंडमध्येच निघाले. ती बातमी कितीजणांच्या नजरेस पडली? पुढे 2023 मध्ये तिथल्या शाळा-कॉलेजांतल्या अभिरूप निवडणुकीत स्थलांतरविरोधी फिन्स पार्टी पहिली आली.

पण नुसत्या पोरांना कशाला बोल लावायचा? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! ऑक्टोबर 2024 पासून नागरिकत्वासाठी वास्तव्याची अट 5 वर्षांवरून 8 वर झाली. लोकसंख्या नोंदणीत मातृभाषेचा रकाना एकच. हेलसिंकीजवळच्या एस्पू शहरातल्या आयटीवाल्या मराठी जोडप्याने मुलीची मातृभाषा मराठी लिहिली, की ती वर्गात कितीही अस्खलित फिनिश बोलो, सरकारी आकडेवारीत 'परभाषिक'च. दोन भाषा नोंदवायची सोय करायला फार खर्च येईल असे वाटत नाही. तिकडे नोकरीला निघालेल्या आपल्या मंडळींनी पगार आणि थंडीबरोबर मुलांच्या शाळेचीही नीट चौकशी करावी.

– एक वाचक, पुणे