खांदा धरला, तर साखर तपासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परवा सकाळी आपला पेपर उघडला आणि घडीतून एक गुलाबी पत्रक खाली पडलं. बसस्टँडसमोरच्या लॉजवर शनिवार-रविवार बाहेरगावचे वैद्य बसणार. खांदेदुखी, गुडघेदुखी, मणक्यातली गॅप आणि शुगर, सगळं मुळासकट बरं. एका बैठकीत फरक नाही पडला तर पैसे परत. अशी पत्रकं एजंट घालतो, पेपरवाल्यांचा त्यात काही संबंध नसतो, हे मला कळतं. पण आमच्या गल्लीतल्या बायांना पेपर आणि पत्रक एकच. दोघीतिघींनी ते घडी घालून देवाच्या फोटोमागं ठेवून दिलंय. मधुमेह बरा करतो म्हणून जाहिरात करायला १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे, तरी हे राजरोस चालतं. त्या पत्रकातल्या पहिल्या शब्दाबद्दल, म्हणजे खांद्याबद्दल, मला चार गोष्टी माहीत आहेत. त्या छापाव्यात ही विनंती.

मी ब्लाउज शिवते. घराची पुढची खोली हेच दुकान. माप घेताना बाईला म्हणते, "ताई, हात वर करा." पंचेचाळीस-पन्नाशीच्या बायांत कुणी ना कुणी खांद्याच्या उंचीला येऊन थांबतेच. "इथवरच जातोय हो बाई. पुढं नेलं की जीव चाललाय असं वाटतं." मग मी मापाच्या वहीत तिच्या नावापुढं लिहिते, 'हुक पुढून, मुंढा ढिला'. हल्ली मागून हुक लावायची फॅशन आहे. पोरींच्या हौशीनं आयाही तसे शिवून घेतात आणि वर्षभरात तेच ब्लाउज उसवून पुढून करायला आणतात. डॉक्टरांना दाखवलं का विचारलं तर म्हणतात, "वात आहे, जाईल." थोडक्यात, दवाखान्याआधी हे दुखणं शिंप्याच्या दुकानात येतं.

लग्नसराईत माझाच डावा खांदा धरला. पडले नाही, झडले नाही, ओझं उचललं नाही. आधी नुसता ठणका. नंतर गिऱ्हाइकाच्या पाठीमागून टेप फिरवता येईना. केस बांधता येईनात. पदराला पिन लावायला सुनेला हाक मारायची वेळ आली. एसटीत वरचा दांडा धरायला डावा हात नेला आणि गाडीनं ब्रेक मारला, तेव्हा डोळ्यांपुढं काजवे चमकले. रात्र तर विचारूच नका. दिवसा मशीनच्या नादात निभतं, पण दिवा मालवला की कळ सुरू. त्या कुशीवर वळलं की जाग, वळायचं नाही म्हणून झोप नाही.

हाडाच्या डॉक्टरांनी दोन्ही कोपरं बरगड्यांना चिकटवायला लावली आणि म्हणाले, पंजे बाहेरच्या बाजूला उघडा, दाराची कवाडं उघडतात तसे. उजवा गेला. डावा नाकासमोर ताठ. मग त्यांनी स्वतः धरून फिरवून बघितला, तरी हलेना. ते म्हणाले, स्वतःला उचलता येत नाही पण दुसऱ्यानं उचलला तर वर जातो, तेव्हा स्नायूची दोरी फाटल्याची शंका घ्यायची. दुसऱ्यानंही जात नाही आणि एक्स-रे साफ आहे, तर तो फ्रोझन शोल्डर. माझा एक्स-रे साफ होता. घरी त्याचा अर्थ निराळाच निघाला. सासूबाई शेजारणीला सांगत होत्या, "फोटोत काहीच नाही म्हणं, अन् हंडा उचलंना गेलीय." एक्स-रेत हाड दिसतं, हाडाभोवतीची पिशवी दिसत नाही, हे त्यांना समजावता समजावता माझी दमछाक झाली.

ती पिशवी मला माझ्या धंद्यातूनच समजली. जुन्या पैरणीला काखेत एक चौकोनी तुकडा लावत. तो नसेल तर हात वर करताना सगळी पैरण वर ओढली जाते. खांद्याच्या सांध्याभोवतीच्या आवरणालाही खालच्या बाजूला अशीच सैल घडी असते, म्हणून हात डोक्यावर जातो. या आजारात ते आवरण आधी सुजतं, मग जाड होतं, आक्रसतं आणि सैल घडीच नाहीशी होते. हात कसा वर जाणार?

औषध लिहायच्या आधी डॉक्टरांनी विचारलं, "शुगर कधी तपासली?" तहान नाही, रात्रीचं लघवीला उठणं नाही, तर कशाला तपासू? तरी त्यांनी एचबीए१सी करायला लावली. त्यात मागच्या तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज येतो. साडेसहा किंवा त्याच्या वर गेली की मधुमेह धरतात. माझी आठच्या पुढं निघाली. एरवी १०० लोकांत २ ते ५ जणांना हा खांद्याचा आजार होतो, मधुमेहवाल्यांत तेच प्रमाण १० ते २० सांगतात. साखर सतत जास्त राहिली की आवरणातल्या तंतूंना चिकटते आणि ते कडक होतात, असं त्यामागचं कारण देतात. थायरॉइड बिघडलेल्या बायांनाही होतो. पक्षाघातानंतर, स्तनाच्या ऑपरेशननंतर किंवा हात बरेच दिवस गळ्यात बांधून ठेवला तरी खांदा धरतो. पण माझं म्हणणं साखरेपुरतं आहे. माझ्या वहीत 'हुक पुढून' लिहिलेल्या ज्या बायांना मी मागं लागून तपासायला पाठवलं, त्यांच्यात काहींची साखर वाढलेली निघाली आणि त्यातल्या कुणालाच आधी ठाऊक नव्हतं. खांद्याचं दुखणं आपोआप कमी होईल एक वेळ, पण न सापडलेली साखर डोळे, किडनी, पाय यांच्याकडं निघालेली असते.

आता लॉजवरच्या वैद्यांबद्दल. हा आजार आपल्या चालीनं चालतो. पहिले काही महिने दुखणं वाढत जातं. मग दुखणं उतरतं, पण खांदा घट्ट होतो. पुढं तो हळूहळू सुटायला लागतो. सगळं मिळून साधारण वर्ष ते तीन वर्षं. मधुमेह असेल तर जास्त चिवट. बहुतेकांचा हात कामापुरता मोकळा होतो, थोडी कसर काहींना राहते. म्हणजे सुटायच्या वेळेला जो भेटेल त्याचं नाव होतं! तेल चोळणारा असो, तोडगा देणारा असो, नाही तर लॉजवरचा. सुरुवातीला त्याच्याकडं जाऊन हात आणखी सुजवून घेतलेली बाई मात्र कुणाला सांगत नाही, कारण पैसे गेलेले असतात आणि घरात बोलणी खायची असतात.

माझी एक गिऱ्हाईक कापूस वेचायला जाते. तिचा हात अशाच एका वैद्यानं चटईवर पालथं निजवून, पाठीवर गुडघा देऊन ओढला. त्यानंतर तिला कित्येक दिवस पराट्यांना हात लावता आला नाही, वेचणीचा भर हंगाम गेला. ऑपरेशन थिएटरमध्ये भूल देऊन, सगळी तयारी ठेवून डॉक्टर हात मोकळा करतात, तेव्हासुद्धा हाड मोडू शकतं असं आधी सांगून सही घेतात. आणि हे लोक चहा पिता पिता झटका देतात. दुसरीच्या खांद्यावर बिब्ब्याचे डाग दिलेले होते. फोड फुटून चिघळले होते, ब्लाउज टेकवता येत नव्हता. मापं घ्यायची सोडून मी तिला आधी दवाखान्यात पाठवलं. साखर असलेल्या माणसाची जखम लवकर भरत नाही, त्यात बिब्बा! शेक घ्यायचाच तर कोमट पाण्याची पिशवी कापडात गुंडाळून घ्यावी. निर्गुडीचा पाला गरम करून बांधणाऱ्या बायाही आहेत, त्याला माझी हरकत नाही, चटका बसू नये एवढंच.

दुसऱ्या टोकालाही लुबाडणूक आहे. शहरातल्या एका मोठ्या दवाखान्यात मला पहिल्याच भेटीत एमआरआय आणि आठवड्याच्या आत दुर्बिणीचं ऑपरेशन सांगितलं. मी घाई केली नाही. माझ्या फिजिओथेरपीच्या ताई सांगत होत्या, इंग्लंडमध्ये ५०३ रुग्णांवर मोठा अभ्यास झाला, २०२० मध्ये छापून आला. त्यात तीन गट होते, भूल देऊन हात मोकळा केलेले, दुर्बिणीतून ऑपरेशन केलेले, आणि सांध्यात इंजेक्शन देऊन नीट व्यायाम करून घेतलेले. वर्षानं बघितलं तर कुठलाच गट बाकीच्यांपेक्षा उघडपणे सरस ठरला नाही. ऑपरेशन वाईट असं मी म्हणत नाही, काहींना ते लागतंच. पण पहिल्याच दिवशी?

सांध्यातलं इंजेक्शन मी घेतलं, ते स्टिरॉइडचं असतं. त्याला लोक फार भितात. माझी रात्रीची कळ त्यानं उतरली आणि मगच व्यायाम जमायला लागला. स्टिरॉइडनं काही दिवस साखर वर जाते, म्हणून त्या दिवसांत साखर बघत राहायला डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं. ज्यांना साखर आहे त्यांनी इंजेक्शन देणाऱ्याला ते आधी सांगायलाच पाहिजे. मेडिकलवरून आपल्या मनानं दुखण्याच्या गोळ्या महिनोन्‌महिने खाण्यापेक्षा ते बरं. त्या गोळ्या पोट आणि किडनी दोन्ही बिघडवतात.

व्यायामाला पैसे लागत नाहीत, चिकाटी लागते. मशीनच्या टेबलावर उजवा हात टेकून वाकायचं, दुखरा हात सैल सोडायचा आणि लंबकासारखा हलवत छोटे छोटे गोल काढायचे. हा व्यायाम बोस्टनच्या ज्या डॉ. कॉडमन यांच्या नावानं ओळखतात, त्यांनीच १९३४ मध्ये या आजाराला फ्रोझन शोल्डर म्हटलं. दुसरा भिंतीवरचा. भिंतीसमोर उभं राहून बोटांनी चढत जायचं, जिथं थांबेल तिथं क्षणभर थांबायचं. माझ्या कटिंगच्या टेबलामागच्या भिंतीवर कापडावर खुणा करायच्या खडूनं मी रेघ ओढायची. काही आठवडे रेघ रेघेवरच पडायची, नातू पुसायला लागला तर त्याच्यावर ओरडायची. मग एकदा रेघ कॅलेंडरच्या खिळ्यापर्यंत गेली. तिसरा, दोन्ही हातांत काठी धरून चांगल्या हातानं दुखऱ्याला बाहेर ढकलायचं. आंघोळीचं गरम पाणी खांद्यावर घेतल्यावर केलं की सोपं जातं. ताण जाणवला पाहिजे, पण व्यायाम झाल्यावर बराच वेळ ठणकत राहिलं तर जास्त झालं असं समजायचं. दुखतंय म्हणून हात पोटाशी धरून बसणं आणि 'घाम निघेपर्यंत ओढ' म्हणणाऱ्या नवऱ्याच्या हाती खांदा देणं, दोन्हींनी नुकसानच.

माझ्या कामातलं थोडं सांगते, ते डॉक्टर सांगत नाहीत. ब्लाउज घालताना आधी दुखरा हात बाहीत घालायचा, काढताना तो शेवटी काढायचा. मुंढा अर्धा इंच वाढवून घ्या, हुक पुढून घ्या, हुकापेक्षा टिचबटण एका हातानं लागतं. आतल्या कपड्याचे हुक पुढं लावून मग फिरवून घ्यायचे. रात्री चांगल्या कुशीवर झोपून पोटाशी उशी घ्यायची आणि दुखरा हात तिच्यावर ठेवायचा. उताणं झोपलं तर कोपराखाली घडी केलेलं लुगडं. एवढ्यानं कळ जात नाही, पण डोळा लागतो.

डावा खांदा किंवा हात अचानक दुखायला लागला आणि जोडीला छातीत दडपण, घाम, दम लागणं असेल, तर मात्र ते हृदयाचं असू शकतं. तिथं शेक-बिक करत बसायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा.

व्यायाम शिकायला मला जिल्ह्याला जावं लागलं. बायांना एसटीचं अर्धं तिकीट आहे हे खरं, पण दिवसाची मजुरी बुडते ती पूर्ण. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात गेले तेव्हा गोळ्या आणि मलम मिळालं, व्यायाम दाखवायला माणूस नव्हता. मलम देणाऱ्या सिस्टरला दोष देत नाही, तिच्यापुढं रांग होती. आमच्या आशाताई तीस वर्षांवरच्या सगळ्यांचा फॉर्म भरतात. कंबरेचा घेर, तंबाखू, घरात कुणाला शुगर-बीपी आहे का, हे विचारतात. त्यातच बायांना एवढं विचारावं, "मागचं हुक लावता येतं का? वेणी घालता येते का?" नाही म्हणाली की तिची साखर त्याच आठवड्यात तपासावी, ती तपासणी सरकारी केंद्रात फुकट होते.

आणि फिजिओथेरपिस्ट रोज नको, आठवड्यातून एक दिवस तालुक्याला पाठवावा. तो दिवस आठवडी बाजाराचा असावा. बाजाराला खेड्यापाड्यातल्या बाया पिशव्या घेऊन येतातच, त्यासाठी वेगळी मजुरी बुडत नाही. आमचा बाजार मंगळवारी भरतो. सकाळी दहा ते दुपारी दोन कुणी बसलं, तरी पुरे आहे.

आपली,
एक ब्लाउज शिवणारी वाचक, जि. परभणी