येलहंकाच्या आकाशात आपलं ओझर

बेंगळुरू,
15 फेब्रुवारी 2025

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

काल रात्री फोनवर सांगायला घेतलं खरं, पण बाबांना निम्मंच ऐकू येत होतं आणि आई, तू मधेमधे "छोटूच्या कानात कापूस घातला होतास ना?" एवढंच विचारत होतीस. घातला होता. पहिलं तेजस लढाऊ विमान डोक्यावरून गेलं तेव्हाच त्याने तो काढून फेकला. म्हणून आता सविस्तर लिहिते.

एअरो इंडिया या विमानांच्या प्रदर्शनाचे शेवटचे दोन दिवस आमच्यासारख्या हौशी लोकांसाठी असतात. शोची चाहूल मात्र आम्हाला जानेवारीतच लागली होती, कारण जिथे ते भरतं त्या येलहंका हवाई तळापासून 13 किलोमीटरपर्यंतची मटण-चिकनची दुकानं महापालिकेने बंद ठेवली होती. टाकून दिलेल्या मांसावर घारी जमतात, आणि एखादी घार इंजिनात गेली तर सगळंच संपलं. तुमचे जावई "देशासाठी एवढं तरी करायलाच हवं" म्हणत रविवारी मुकाट्याने पनीर खात होते.

यंदा रशियाचं सुखोई-57 आणि अमेरिकेचं एफ-35 एकाच तळावर आले होते, त्यामुळे निम्मी गर्दी त्यांच्यासाठीच. ते सुखोई-57 नाक वर करून हवेत जवळजवळ थबकतं आणि पडणार पडणार म्हणताना सरळ होऊन निघून जातं. तोंडाचा आ वासला, खोटं कशाला बोलू! पण ती जत्रेतल्या पाहुण्याची करामत वाटली. आपलं सुखोई-30 आलं तेव्हा पोटात वेगळंच झालं. आधी विमान गेलं, मग आवाज आला, तो थेट छातीत. छोटू ओरडला, "आजोबांचं विमान!"

पुढे बसलेले एक गृहस्थ मागे वळले. मी म्हटलं, माझे वडील नाशिकजवळच्या ओझरला एचएएलमध्ये, म्हणजे सरकारी विमान कारखान्यात होते, सुखोईच्या पंखांवर काम करायचे. त्यांनी छोटूशी हस्तांदोलन केलं, त्याला संत्र्याची गोळी दिली आणि लगेच मला विचारलं, "मग तेजसला इतका उशीर का हो?"

बाबा, मी गप्प बसले. 2001 साली पहिल्यांदा उडालेलं विमान. त्याच्या नव्या मार्क-1एची 83 विमानांची ऑर्डर 2021 सालची, आणि अजून एकही हवाई दलाच्या हातात नाही. अमेरिकेहून इंजिनं येत नाहीत हे खरं, पण सगळा दोष इंजिनावर ढकलता येईल असं मला वाटत नाही. हवाई दलप्रमुखांनी याच शोमध्ये एचएएलवर भरवसा वाटत नाही असं जे सुनावलं, ते तुम्हाला झोंबलं असणार. मलाही झोंबलं. परक्याच्या विमानाला नावं ठेवली असती तर कोणाला काय वाटलं असतं? ओझरलाही आता तेजसची लाइन उभी राहतेय, तेव्हा तुमच्या जुन्या दोस्तांना जरा घाई करायला सांगा.

यंदा हवाई दलाच्या सारंग कसरत-पथकाची ध्रुव हेलिकॉप्टरं नव्हती. जानेवारीत पोरबंदरला तटरक्षक दलाचं ध्रुव कोसळून तिघे गेले, तेव्हापासून सगळी ध्रुव जमिनीवरच आहेत. छोटू हिरमुसला.

सूर्यकिरण पथकाची विमानं मात्र होती. नऊ हॉक जेट, शेजारशेजारच्या दोन विमानांत पाच मीटरचंही अंतर नाही. एवढ्या अंतरावरून दुसरी गाडी गेली तरी आई तुला स्कूटरच्या मागे बसायची भीती वाटते, आणि ही पोरं उलटी होतात. 2019 साली इथेच सरावात दोन हॉक एकमेकांवर आदळून विंग कमांडर साहिल गांधी गेले, हे माहीत असल्यावर नुसती मजा म्हणून बघता येत नाही. विमानं जवळ आली की मी छोटूचा हात घट्ट धरायचे आणि तो "आई, दुखतंय" म्हणायचा.

मग केशरी, पांढरा, हिरवा धूर सुटला. लोक उभे राहिले, कोणीतरी "भारतमाता की जय" म्हटलं, आणि मी नाही म्हटलं, कारण घसाच भरून आला होता. हा रंगीत धूर सोडणारे पॉड, म्हणजे विमानाला लावलेली नळकांडी, नाशिकच्या हवाई दलाच्या बेस रिपेअर डेपोत बनलेत, बाबा! आपल्या ओझरच्याच! डेपोच्या भिंतीच्या कडेने शाळेत जायचो आम्ही. मी शेजारच्या बाईंना ते सांगितलं, मागच्यांना सांगितलं, सरबतवाल्यालाही सांगितलं. हे म्हणाले, आता पुरे.

पुढचा शो 2027 ला. तिकिटं मी काढते, नाही म्हणायचं नाही. पार्किंगपासून बरंच चालावं लागतं आणि ऊन भयंकर असतं, तेव्हा बाबांनी गुडघ्याचे व्यायाम सोडू नयेत आणि आईने टोपी घालायला लाजू नये. कानाच्या डॉक्टरांकडे कधी जाताय ते कळवा.

तुमची,
माई